हळदीकुंकवाला नवरा घरात

“मी थांबलो तर चालेल का?” एवढंच प्रफुल्ल म्हणाला. तेही बुटाची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता, कंपनीची बस फाट्यावर येण्याच्या घाईत. मी “कशाला?” म्हणेपर्यंत तो जिना उतरून गेलाही होता.

प्रश्न दिशाच्या बोरन्हाणाचा होता. दिशा आमची मुलगी. रांगते, आणि खाली पडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालून तिची चौकशी करते. तिची ही पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला लेकराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, कुरमुरे, गोळ्या ओतायच्या. बाकीची पोरं ते वेचायला तुटून पडतात. हे हळदीकुंकवाच्याच दिवशी उरकून घेतात, कारण बायका जमलेल्याच असतात. आणि हळदीकुंकू म्हटलं की घरातल्या पुरुषानं चहा घ्यायचा, गाडीची किल्ली घ्यायची आणि कुठेतरी जायचं. कुठे, ते कोणी विचारत नाही. माझे वडीलही जायचे. दिवेलागणीला परत यायचे आणि उरलेला तिळगूळ खायचे. मधला वेळ ते कुठे असायचे हे मला अजून माहीत नाही, आणि हे मला माहीत नाही हेही मला प्रफुल्लच्या त्या प्रश्नापर्यंत माहीत नव्हतं.

दुसरी एखादी असती तर ‘हो’ म्हणाली असती किंवा ‘नाही’ म्हणाली असती. मी एम.कॉम. आहे. शिवाय आई झाल्यापासून मी कुठलाही निर्णय चौकशी केल्याशिवाय घेत नाही. दिशाला पहिल्यांदा नाचणीची पेज द्यायची होती तेव्हा मी इतकं वाचलं होतं की पेज गार होऊन घट्ट झाली. तर मी नाशिकच्या आयांचा एक ग्रुप आहे, त्यावर लिहिलं: “मुलीचं बोरन्हाण आणि हळदीकुंकू एकाच दिवशी आहे. मिस्टर घरात थांबू का विचारतात. थांबू द्यावं का? अनुभव असल्यास सांगावा.” आणि कुकर लावायला गेले.

कुकर उतरेपर्यंत युद्ध पेटलं होतं.

सुरुवात शांत होती. एकीनं लिहिलं होतं, छान विचार. दुसरीनं हलव्याचे दागिने कुठून घेतले ते विचारलं होतं. तिसरीनं मात्र ‘थांबू द्यावं का’ या शब्दांवर बोट ठेवलं होतं. घर कोणाच्या नावावर आहे, आणि स्वतःच्या घरात थांबायला बापाला परवानगी का लागावी? चौथी म्हणाली, बाईला आयुष्यभर परवानगी लागते तेव्हा कुठे होतात? तिथून पुढे माझं बोरन्हाण बाजूला पडलं. पोटगी आली, माहेरचं आडनाव आलं, स्वयंपाकाचा गॅस कोण बंद करतं ते आलं. एका बाईनं मूळ हळदीकुंकूच रद्द करावं असं मांडलं, त्यावर दुसरीनं तिला विचारलं की मग मागच्या वर्षी माझ्याकडून स्टीलचा डबा का नेलास? त्या दोघी एकमेकींना ओळखतात हे असं जाहीर झालं.

हा ग्रुप चालवणारी निकिता आमच्याच सोसायटीत शेजारच्या विंगमध्ये राहते. कॉलेजात शिकवते. ती संध्याकाळी स्वतः वर आली. मला वाटलं रागवायला आली, पण तिनं एकच विचारलं. तो थांबणार आहे तो पाहुणा म्हणून की काम करायला? पुरुष घरात थांबला की त्याला चहा करावा लागतो, म्हणजे त्या दिवशी बाईचं एक काम वाढतंच. हे मला एकदम पटलं. मी लगेच प्रफुल्लला हलव्याचे दागिने ओवायला बसवलं. तो कंपनीत तपासणी विभागात आहे. त्यानं प्रत्येक दाणा उजेडात धरून पाहिला आणि अर्धी बरणी नापास केली.

तोपर्यंत माझी ती पोस्ट कोणीतरी फोटो काढून पुरुषांच्या हक्कांच्या एका ग्रुपवर नेऊन टाकली होती. मथळा होता: “लेकीच्या बोरन्हाणातून बापाची हद्दपारी. स्थळ नाशिक.” खाली बाकावर एकट्याच बसलेल्या माणसाचा फोटो होता. त्याच्यामागे बर्फाचे डोंगर होते. पाथर्डी फाट्याच्या आसपास असे डोंगर नाहीत हे कोणाच्याही लक्षात आलं नाही.

मी त्या ग्रुपमध्येही शिरले. भांडायला नाही, बघायला. दुपारी दिशा मांडीवर झोपली की एका हातानं मी वाचत बसायची. आयांच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं होतं की लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून गरम पोळी बसून खाल्लेली नाही. पुरुषांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं होतं की बायको सोडून गेल्यापासून मुलाचा आवाज फक्त त्याच्या जुन्या व्हिडिओतून ऐकतो. त्या दोघांच्याही खाली लोक हसण्याची चिन्हं टाकून गेले होते. माझी अडचण अशी की मला दोघांचंही खरं वाटायचं. अशा माणसाला कुठल्याच ग्रुपवर किंमत नसते. मी आयांच्या ग्रुपवर लिहिलं, वडिलांनाही कधी कधी वाईट वाटत असेल, तर मला ‘घरभेदी’ म्हटलं गेलं. पुरुषांच्या ग्रुपवर लिहिलं, बायकांनाही वर्षातून एक दिवस मोकळं बसावंसं वाटत असेल, तर तिथे मी ‘आतून त्यांचीच’ ठरले. एकाच दुपारी दोन्ही बाजूंनी फितूर होण्याचा मान नाशकात बहुधा मलाच मिळाला असेल.

बिचाऱ्या प्रफुल्लला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या कंपनीत शेखर नावाचा एक जण आहे, तोच त्या पुरुषांच्या ग्रुपचा हिरिरीचा कार्यकर्ता निघाला. त्यानं कॅन्टीनमध्ये प्रफुल्लचा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, खचू नकोस, पीडितांच्या पाठीशी आम्ही आहोत. प्रफुल्लला वाटलं आपली बदली झाली. तो दिवसभर फिरून नोटीस बोर्ड बघत होता. संध्याकाळी घरी येऊन डबा ओट्यावर ठेवत त्यानं मला विचारलं, “चैताली, मी पीडित आहे का?”

मी म्हटलं, बस, चहा करते. आणि लगेच निकिताचं म्हणणं आठवून म्हटलं, नाही, तूच कर.

तो चहा करत असताना मला सुचलं की शेकडो लोकांना विचारलं, याला विचारलंच नाही. म्हणून विचारलं, तुला का थांबायचंय?

त्यानं गाळणी आपटून चोथा काढला. मग म्हणाला, “बारशाला मला पेढे कमी पडले म्हणून पाठवलं होतं. आलो तर पाळणा हलवून झाला होता. मला तिचं नाव लिफ्टमध्ये कळलं. वॉचमन म्हणाला, साहेब, दिशा छान नाव आहे.”

पेढे आणायला मीच पाठवलं होतं. नाव दोघांनी मिळून काढलेल्या चारांतलं एक होतं, आणि कानात कुठलं सांगायचं ते त्याच्या बहिणीनं ऐनवेळी ठरवलं. त्या क्षणापासून ‘थांबू द्यावं का’ हा प्रश्न माझ्यापुरता संपला. प्रफुल्ल थांबणार. आता फक्त ते जमवायचं होतं.

जमवणं म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेखरनं ग्रुपवर जाहीर केलं होतं की पुढच्या शनिवारी, बोरन्हाणाच्या दिवशी, चाळीस बांधव पाठिंब्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शांतपणे उभे राहतील. ते वाचून आमचे चेअरमन कारभारीकाका वर आले. काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी नोटीस लावली: “सोसायटीच्या आवारात स्त्री-पुरुष समानतेबाबत कोणताही प्रकार करावयाचा असल्यास पूर्वसूचना लेखी द्यावी.” मी लेखी दिली. त्यांनी परत आणली. कार्यक्रमाचं स्वरूप लिहिलेलं नव्हतं. मी ‘बोरन्हाण’ लिहिलं. ते म्हणाले, बोरन्हाण महिलांचं, त्याला हरकत नाही; पण त्यात पुरुष आला की तो सर्वसाधारण कार्यक्रम होतो, त्याला कमिटीची मंजुरी. मी म्हटलं, काका, आमच्याच हॉलमध्ये आहे. ते म्हणाले, हॉल तुमचा, पायऱ्या सामाईक.

कमिटी त्याआधीच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसली. कमिटीत सगळे पुरुष, आणि प्रफुल्लला समोर बोलावलेलं. मला वाटलं, निदान इथे तरी प्रफुल्लला पाठिंबा मिळेल. मी दिशाला कोवळं ऊन द्यायच्या निमित्तानं जवळच उभी राहिले. एरवीही मी तिथेच उभी असते. गाड्या मागे घेताना कोण आरशात बघतं आणि कोण बघत नाही हे मला पाठ आहे.

काकांनी विषय मांडला आणि एक विचित्र गोष्ट घडली. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण कुठे जातो हे त्या पुरुषांनी पहिल्यांदाच एकमेकांना सांगितलं. एक जण गाडीत सीट मागे करून झोपतो. एक जण भावाकडे जातो, तिथेही हळदीकुंकू असतं, मग दोघे भाऊ तिसरीकडे जातात. आणि कारभारीकाका, ज्यांच्याबद्दल काकू सगळ्यांना सांगतात की बिचारे उन्हातान्हात फिरतात, ते दरवर्षी त्र्यंबक रोडला जाऊन दोन प्लेट मिसळ खातात आणि नंतर धरणाच्या पाण्याकडे बघत बसतात. ऐकता ऐकता सगळ्यांचे चेहरे उजळले. ही आपली वर्षातली एकमेव विनाहिशोबाची संध्याकाळ आहे हे त्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

मग ते माझ्या नवऱ्याकडे रागानं बघायला लागले.

कारभारीकाका म्हणाले, आज हा थांबला की उद्या आमच्याही घरी विचारतील, प्रफुल्ल थांबतो, तुम्हाला काय होतं. पुरुषांच्या हक्कांसाठी कमिटीनं प्रफुल्लला एकमतानं विरोध केला. शेवटी तोडगा निघाला की प्रफुल्लनं थांबावं, पण सोसायटीत कोणाला सांगू नये. ठराव नोटीस बोर्डावर लावण्यात आला.

बायकांकडूनही काही सुखासुखी नव्हतं. समोरच्या सगुणाकाकू म्हणजे आमच्या मजल्याच्या हळदीकुंकवाच्या कर्त्या. कोणाच्या घरी कोणी आधी जायचं ते त्या ठरवतात. त्यांनी मला दारातच गाठलं. त्यांना ना निकिताचा ग्रुप माहीत, ना शेखरचा. त्या म्हणाल्या, “अगं, पुरुष बसला की हसायचं कसं? वर्षातून एकदा बायका पाय पसरून बसतात. तुझा प्रफुल्ल गुणी आहे गं, पण तो भिंतीला टेकून बसणार आणि आम्ही सगळ्या सरळ बसणार.” सगळ्या इंटरनेटवर इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी सासूबाई नांदगावहून आल्या. यशोदाबाई; मी त्यांना आई म्हणते. सासरे गेल्यापासून गावची शेती एकट्या बघतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला फोनवर अशा बोलतात की तो न मागता बिल कमी करतो. पिशवीतून बोरं काढली. गावच्या झाडाची, लालसर, छोटी छोटी. मी एक दोन बोटांत धरून बघितलं. हे घशात अडकायचं माप होतं. मी फोनमध्ये आधीच वाचून ठेवलं होतं. उसाचे करवे, म्हणजे तुकडे, मी यादीतून काढले होते, हरभरे काढले होते, गोळ्या काढल्या होत्या. आता बोरंही बदलली आणि बाजारातून ती मोठी हिरवी बोरं आणली, लिंबाएवढी. ती कोणाच्याही घशात जाणं शक्य नव्हतं.

आईंनी एक बोर हातात तोलून पाहिलं. “हे बोर हाय का पेरू? लेकराला न्हाऊ घालतीस का दगड मारतीस?” मग प्रफुल्लच्या थांबण्याचं ऐकून म्हणाल्या, “थांबू दे की. बाप हाय तो. त्यात लोकांना कशाला इचारायचं?” आणि पुढे अगदी सहज, पिशवीची घडी घालत, “मी बसते आतल्या खोलीत. तुमचं झालं की हाक मारा.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले. खरं सांगते, मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला आतच बसतात. नवरा बाहेर जातो तशा त्या आत जातात. एकाच्या बाहेर जाण्यावर दोन ग्रुप आठवडाभर भांडत होते. दुसरीच्या आत जाण्यावर मी ‘बरं’ म्हटलं होतं.

शनिवारी चाळीस बांधवांपैकी एकटा शेखर आला. सोबत बायको होती. ती वाणात काय आहे विचारत थेट वर आली. शेखर पार्किंगमध्ये थोडा वेळ शांतपणे उभा राहिला. मग कारभारीकाका किल्ली फिरवत खाली उतरले, त्याची विचारपूस केली, आणि दोघे मिसळ खायला निघून गेले. चळवळ तिथे संपली.

वर हॉलमध्ये सगळ्या सरळ बसल्या होत्या. प्रफुल्ल भिंतीला टेकून बसला होता. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं वाणाच्या गाळण्यांचा खोका मांडीवर घेतला होता. निकिता आली होती, चहा कोण करतंय ते बघून मगच बसली. तिळगूळ वाटला, कोणी हसेना. आमच्या मजल्यावरच्या हळदीकुंकवात इतकी शिस्त कधी नव्हती.

दिशाला पाटावर बसवलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, एक न एक दाणा तपासलेला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि तिथून सूचना येत होत्या. कुरमुरे आधी टाका. तोंड पूर्वेला करा. डोक्यावर नका टाकू गं, खांद्यावरून सोडा. हे शेवटचं मला ऐकू येईपर्यंत सगुणाकाकूंनी वाटी उपडी केली होती.

माझ्या काळजीनं निवडलेलं ते लिंबाएवढं बोर दिशाच्या मुकुटावर टण्णकन पडलं. मग दुसरं पडलं. दिशानं आधी माझ्याकडे बघितलं, जणू ओळख पटवून घेतली, आणि मग असा टाहो फोडला की खालच्या मजल्याचा कुत्रा भुंकला. पोरं बोरं वेचायला धावली, मी पोरांच्या तोंडात काय जातंय ते बघायला धावले, आणि तेवढ्यात प्रफुल्लनं खोका बाजूला ठेवून दिशाला उचललं. माझ्याकडे दिलं नाही. इकडेतिकडे बघितलं आणि सरळ आतल्या खोलीत गेला, आईकडे.

रडणं थांबलं. आम्ही सगळ्या वाट बघत बसलो. आतून आईंचा आवाज येत होता, काय झालं माझ्या सोन्याला, कोणी मारलं, तुझ्या आईनं फोनात बघून बोरं आणली. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. कोण आधी उठली ते माहीत नाही, पण कुरमुऱ्यांची परडी, कुंकवाचं ताट, गाळण्यांचा खोका आणि सगळ्या बायका, असं अख्खं हळदीकुंकू उठून आतल्या खोलीत आलं. पलंगावर आईंच्या मांडीत दिशा बसली होती, शेजारी प्रफुल्ल. आईंनी उशाशी ठेवलेली गावची छोटी बोरं काढली, दोन बोटांत धरून नातीच्या खांद्यावरून एकेक सोडली. दिशा हसायला लागली. मी प्रत्येक बोर कुठे घरंगळतंय ते मोजत होते, पण एकही उचललं नाही.

बायका पलंगाच्या कडेला, खाली, दाराच्या उंबऱ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसल्या. पाय पसरूनच, कारण दुसरी सोय नव्हती. सगुणाकाकू ताट घेऊन ओळीनं हळदीकुंकू लावत आल्या. त्यांच्या हाताचा वेग दांडगा आहे. एकदा सुरू झाल्या की कपाळ कोणाचं ते बघत नाहीत. निकिताला लावलं, शेखरच्या बायकोला लावलं, आणि पुढे प्रफुल्ल होता, त्यालाही लावलं. हळद, कुंकू, अत्तर, हातात गाळणी. खोली हसून हसून फुटायची बाकी राहिली. प्रफुल्लनं गाळणी उजेडात धरून तपासली.

पुढे आई होत्या. काकूंचा हात हवेत थांबला. हसणं खाली आलं.

आईंनी कपाळ मागे घेतलं. “मला काय करायचंय?” हळू म्हणाल्या. “मी आत बसलेली.”

प्रफुल्ल म्हणाला, “आई, आत सगळेच आलेत.”

सगुणाकाकूंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कपाळाकडे बघितलं, मग आईंकडे. त्यांना कुठलाही ग्रुप माहीत नाही हे मी सांगितलंच आहे.

“याला लागलं,” काकू म्हणाल्या, “दाढीमिशीवाल्याला. मग तुम्हाला काय झालं?”

आईंनी दिशाला घट्ट धरलं, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

संध्याकाळी आयांच्या ग्रुपवर विचारणा झाली की शेवटी ठरलं काय, मिस्टर थांबले का. पुरुषांच्या ग्रुपवर शेखरनं लिहिलं होतं की आंदोलन यशस्वी झालं, आणि खाली मिसळीचा फोटो होता. मी उत्तर लिहायला घेतलं, पण कुठून सुरुवात करावी कळेना. पुरुषांच्या हक्कांसाठी निघालेली एक गोष्ट माझ्या सासूच्या कपाळावर जाऊन थांबली, हे कुठल्या बाजूचं म्हणायचं? मी फोन ठेवला आणि पलंगाखालची बोरं वेचायला बसले. एक सापडत नव्हतं.

रविवारी आई नांदगावच्या गाडीला निघाल्या. डोक्यावरून पदर होता, कपाळावरचं पुसट झालं होतं पण पुसलेलं नव्हतं. प्रफुल्ल त्यांची पिशवी घेऊन खाली गेला. मी दिशाला कडेवर घेऊन दारात उभी होते. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या, हातातली वाणाची गाळणी वर धरून माझ्याकडे बघितलं.

“तुझ्या त्या फोनवाल्यांना सांग,” म्हणाल्या, “पुढच्या वर्षी गाळणी जरा मोठी घ्या. माझ्याकडं चहाला माणसं लय असत्यात.”